पुण्याचा कौल

प्रवीणने पंक्चर झालेलं चाक ओढून बाहेर काढलं, रस्त्याकडेच्या गवतावर लोळवलं आणि स्टेपनी आणायला तो मिनीबसच्या मागे गेला. इब्रामपूरहून पेडण्याला निघालेले उतारू मागून आलेल्या दुसऱ्या बसमध्ये चढून केव्हाच पुढे गेले होते. मोटारसायकलवरून त्याला गाठायला आलेला श्रीनाथ तेवढा मागे राहिला होता. त्याच्याकडे चाकाचे नट सांभाळायचं काम दिलं होतं. ते तो एका तळहातावरून दुसऱ्या तळहातावर ओतत होता आणि बेंगळुरूविषयी बोलत होता.

श्रीनाथ औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधी. कंपनीच्या मीटिंगसाठी तो बेंगळुरूला जाऊन आदल्या दिवशीच परतला होता. मीटिंग संपल्यावर एक रविवार हाताशी होता आणि तो त्याने तिथल्या एका बागेत घालवला. दर रविवारी तिथे आपल्यासारखी माणसं जमतात, हे त्याला फोनवरून कळलं होतं. पुरुष पुरुषांबरोबर, बायका बायकांबरोबर जोडीने आल्या होत्या, कुणी डब्यातून इडल्या आणल्या होत्या, आणि आवाज कुणीच खाली आणत नव्हतं. त्यांत दोन म्हातारे होते. बँकेतून निवृत्त झालेले, सबंध तारुण्य एका घरात काढलेले. थर्मासचं झाकण कुणी हरवलं यावरून ते दोघे असे जुंपले की शेजारच्या बाकावरची माणसं हसायला लागली. श्रीनाथ मात्र तोंड उघडं टाकून बघत राहिला होता. दोन पुरुषांना संसारातलं भांडण चारचौघांत, उजेडात भांडता येतं, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

हे सगळं त्याने प्रवीणला हातवारे करून सांगितलं. मग स्वतःच म्हणाला, पण तिथे घरमालकांचं काही खरं नाही. शिवाय सगळे इंग्रजीत बोलतात.

“आयकता मरे तूं?”

“आयकतंय,” प्रवीण चाकामागून म्हणाला. “एक नट खंय गेलो?”

श्रीनाथने मूठ उघडून पाहिली. एक कमी होता. तो गवतात वाकून शोधायला लागला आणि शोधता शोधता बेंगळुरूच्या हवेबद्दल बोलायला लागला.

गेलं वर्षभर असंच चाललं होतं. लोक मुली बघत हिंडतात तसा श्रीनाथ शहरं बघत हिंडत होता, आणि नवऱ्याकडच्या मंडळींसारखी दर ठिकाणी काहीतरी खोड काढून परत येत होता. मुंबईत त्याला माणसं भेटली, गप्पांच्या संध्याकाळी मिळाल्या. पण भेटायला आलेला प्रत्येक जण दोन दोन तास प्रवास करून आलेला आणि डोळा घड्याळावर. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही, हे मोकळेपण म्हणायचं की नुसती घाई, ते त्याला ठरवता आलं नाही. पणजीत एकदा एका कॅफेमध्ये अशीच बैठक होती. तिथे समोरच्या खुर्चीत म्हापशाचे एक डॉक्टर बसलेले निघाले. त्यांच्याच दवाखान्यात तो दर महिन्याला गोळ्यांची नमुन्याची पाकिटं घेऊन जायचा. दोघांनीही मेन्यूकार्ड अगदी मन लावून वाचलं. त्यानंतर डॉक्टर त्याच्या कंपनीच्या गोळ्या सढळ हाताने लिहून द्यायला लागले, आणि दोघांपैकी कुणीही त्या संध्याकाळचं नाव काढलं नाही.

सगळ्यात गंमत म्हणजे कुठल्याही शहरात गेलं आणि गाव सांगितलं की लोक म्हणायचे, गोव्याचा ना तू, मग तुला काय कमी? त्यांनी पेडण्याची किनारपट्टी पाहिलेली असायची. रात्रभर चालणारं संगीत, हातात हात घालून फिरणारे परदेशी पुरुष. आता समुद्र काही लांब नव्हता, तो याच तालुक्यात होता. पण तिथलं मोकळेपण बाहेरून आलेल्यांसाठी होतं. आत चार डोंगर ओलांडून आलं की प्रत्येकाला प्रत्येकाचा बाप ठाऊक. श्रीनाथच्या बापाचं तर डिचोलीच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान होतं, म्हणजे विचारायलाच नको.

त्या दुकानातच दोघांची ओळख झाली होती. खाणी चालू होत्या तेव्हाची गोष्ट. प्रवीण खनिजाचा ट्रक चालवायचा आणि ट्रकवर घालायची ताडपत्री घ्यायला दुकानात आला होता. ताडपत्री एकदाच घेतली. दोर मात्र तो पुन्हा पुन्हा घेऊन जायला लागला. एका ट्रकला किती दोर लागतात याला काही सुमार असतो, पण श्रीनाथ प्रत्येक वेळी हिशेब न करता मापून देत राहिला. पुढे खाणी बंद झाल्या, प्रवीणने ट्रक विकला आणि तो दुसऱ्याची मिनीबस चालवायला लागला. त्याचा बाप यशवंत कधीकाळी दोडामार्गाकडून कामाला येऊन इब्रामपुरात स्थायिक झालेला. तो गेल्यावर घरात प्रवीण आणि त्याची आई वत्सला अशी दोघंच राहिली. गावात श्रीनाथला सगळे ‘प्रवीणाचो दोस्त’ म्हणायचे. या शब्दाचे श्रीनाथवर उपकार होते, आणि त्याच शब्दाचा त्याला वीट आला होता.

कोर्टाचा निकाल आला तो दिवस दोघांनाही लख्ख आठवत होता. आपल्यासारख्यांचं प्रेम आता गुन्हा राहिलं नाही, ही बातमी त्यांनी पेडण्याच्या स्टँडवर रिकाम्या मिनीबसमध्ये बसून, फोनवर ऐकली होती. श्रीनाथचे डोळे भरून आले होते. प्रवीणने कागदातली भजी संपवली, हात पुसले आणि विचारलं, “मगे कधी निघाया?”

श्रीनाथ म्हणाला होता की आधी बघूया तरी कुठे जायचं ते.

तेव्हापासून तो बघत होता. दोन वेळा प्रवीणलाही बरोबर नेलं. बेंगळुरूला एका घरी सगळे जमले होते. तिथे प्रवीण लिंबूसोड्याचा ग्लास धरून संध्याकाळभर हसत बसला. समजत काही नव्हतं आणि कुणाचं मन मोडायचं नव्हतं. पुण्याला जूनमध्ये निघालेल्या मोर्चात तो श्रीनाथच्या मागे थोडं अंतर ठेवून चालला. तिथे नऊवारी नेसलेली एक बाई हातात पाटी घेऊन चालली होती. मी माझ्या मुलाबरोबर आले आहे, असं पाटीवर मराठीत लिहिलेलं. प्रवीणने ती पाटी दोनदा वाचली. श्रीनाथचा मात्र पुण्याविरुद्धचा मुद्दा तयारच होता. सुमंगलामावशी कोथरूडला राहते. डिचोलीची निम्मी पोरं पुण्यात नोकरीला आहेत. तिकडे गेलं काय आणि डिचोलीत राहिलं काय.

प्रवीणचं उत्तर ठरलेलं असायचं, “माका खंयचाय चलात.” कुठलंही चालेल, या उत्तराचा श्रीनाथला राग यायचा. याला काही मतच नाही, सगळा विचार मी एकट्याने करायचा, असं तो म्हणायचा. आणि आता तर वेळही हातची चालली होती. कंपनी त्याला पुण्याला किंवा बेंगळुरूला बदली द्यायला तयार होती आणि दिवाळीच्या आत उत्तर मागत होती. इकडे त्याची आई प्रभावती साखळीच्या एका मुलीचा फोटो जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायला लागली होती.

नट सापडला. श्रीनाथने तो शर्टाला पुसून प्रवीणच्या हातात दिला. प्रवीणने तो बसवला, पान्याने आवळायला घेतला आणि वर न बघता म्हणाला,

“मी देवळात जावन कौल लावलंय. पुण्याक उजवो पडलो.”

त्या मुलखात घर बांधायचं असो, विहीर खणायची असो की मुलगी द्यायची असो, माणसं आधी देवाला विचारतात. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवतो, प्रश्न मोठ्याने सांगतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. श्रीनाथच्या घरीही दुकानाची जागा अशीच ठरली होती. तरीही त्याला भयंकर राग आला.

“आमच्या जिविताचो प्रश्न, आनी तूं पाकळ्यांक विचारून येता?”

“तुका इचारून वरस झाला.”

पुढचं भांडण दोघांनी खालच्या आवाजात केलं. ऐकायला आसपास कुणी नव्हतं. पिकलेल्या भातशेतात वाऱ्याशिवाय काही हलत नव्हतं. पण सवय ती सवय. श्रीनाथने पुण्याच्या विरुद्ध जे जे काही होतं ते पुन्हा सांगितलं. प्रवीणने ते नट आवळत ऐकून घेतलं आणि मग आपलं सांगितलं. आतेभाऊ शिवदास पिंपरीला एका कारखान्याची बस चालवतो, त्याने तिथे प्रवीणसाठी शब्द टाकला आहे. दसरा झाला की निघायचं. आईला सांगून झालं आहे, शेजारची तारा तिच्या सोबतीला झोपायला येईल. श्रीनाथला धक्काच बसला. ज्याला काही मत नाही असं तो समजत होता, त्याने सगळं ठरवूनही टाकलं होतं.

डिसेंबरात कोचीला मीटिंग आहे, तेवढं एक शहर बघून येतो, मग ठरवू, असं श्रीनाथने सुचवून पाहिलं.

“बघून ये,” प्रवीण म्हणाला. जॅक खाली उतरवत त्याने पुस्ती जोडली, “कसा आसा ता माका सांग.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रीनाथ त्याला पोचवायला म्हापशाच्या स्टँडवर गेला. वत्सलाबाई आल्या होत्या, तारा आली होती. त्यामुळे दोघांना एकमेकांशी बोलायचं ते सामानाबद्दलच बोलावं लागलं. प्रवीण खिडकीशी बसला. श्रीनाथ खाली उभा राहून पुण्यात कुठल्या भागात खोली बघावी आणि कुठल्या भागात बघू नये ते सांगत राहिला. बस सुरू झाली तरी तो बोलतच होता. प्रवीणने हात बाहेर काढला, तो श्रीनाथच्या खांद्याला ओझरता लागला, आणि बस गेली.

त्यानंतर श्रीनाथचा पाय एका जागी ठरेना. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल घेऊन दारात यायच्या आधी तो उठून बसायचा. दवाखान्यांच्या बाहेर बाकावर बसलं की उठावंसं वाटायचं आणि उठलं की कुठे जायचं ते कळायचं नाही. एका डॉक्टरला त्याने साखरेच्या गोळ्यांचे गुण रक्तदाबाच्या गोळ्यांना लावून सांगितले. पेडण्याच्या रस्त्यावर ती मिनीबस दिसली की तो आपसूक वेग कमी करायचा. आत कुणी दुसराच बसलेला असायचा आणि तोही बिचारा ओळख समजून हॉर्न द्यायचा. मॅनेजरचा फोन आला की श्रीनाथ म्हणायचा, सांगतो, दोन दिवसांत सांगतो. प्रभावतीने साखळीच्या मुलीबद्दल विचारलं तेव्हाही त्याच्या तोंडून तेच निघालं. आईचा चेहरा खुलला. ते बघून श्रीनाथ जेवण अर्धवट टाकून उठला.

प्रवीणचे फोन यायचे ते थोडक्यात. काम बरं आहे. रस्ते पाठ झाले. मग एक दिवस त्याने सांगितलं की खोली मिळाली, गच्चीवरची आहे, समोर चिंचेचं झाड आहे. मालकीणबाईंनी विचारलं, किती माणसं राहणार?

“मी दोगा म्हणान सांगलंय.”

श्रीनाथने घाईघाईने विचारलं की ती खोली कोथरूडपासून किती लांब आहे.

“श्रीनाथ,” प्रवीण म्हणाला, “दिवाळीपर्यंत मी वाट बघतंय. ये, नायतर येणंय नाय म्हणान सांग. मदी लटकवन ठेव नको. माका सोसणा नाय.”

इतकी वर्षं झाली, पण माका सोसणा नाय, असं प्रवीणच्या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं. ट्रक विकला त्या दिवशीसुद्धा नाही. फोन ठेवल्यावर श्रीनाथने मोटारसायकल काढली आणि डिचोलीच्या तळ्याला दोन फेऱ्या मारून घरी आला. आता उत्तर देणं भाग होतं. प्रवीणला गमवायचं नाही एवढं त्याला स्वच्छ माहीत होतं. तरीही बदलीसाठी पुणे म्हणून सांगायला फोन उचलला की बेंगळुरूच्या बागेतले ते म्हातारे समोर यायचे, आणि बेंगळुरू म्हणावं तर गच्चीवरची खोली.

अशा मनःस्थितीत माणसाला काय सुचेल ते सांगता येत नाही. श्रीनाथला सुचलं ते असं, की कौल लावताना काहीतरी चूक झाली असणार. देवाला हो किंवा नाही एवढंच विचारता येतं. मग प्रवीणने फक्त पुण्याचं नाव घेतलं असेल तर देव तरी काय करणार? बेंगळुरूचं नाव त्याच्यापुढे आलंच नसेल. ज्याने एवढी शहरं पारखली, तो आता देवाची रीतही पारखायला निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हापशाच्या डॉक्टरांना उद्या येतो म्हणून कळवून त्याने इब्रामपूरचा रस्ता धरला.

वाटेत वत्सलाबाईंचं घर लागत होतं. त्या अंगणात चटईवर भात पसरत होत्या. त्याला बघून त्यांनी पाणी आणून दिलं आणि प्रवीणचा फोन येतो का म्हणून विचारलं.

“येता.”

“माका सांगता, बरो आसंय. तुका काय सांगता?”

“म्हाकाय तेंच सांगता, मावशे.”

“तो खोटा सांगता,” त्या म्हणाल्या. भातावर उतरलेल्या कोंबडीला त्यांनी हाकललं. हा कुठे निघाला आहे ते त्यांनी विचारलं, आणि देवळात म्हटल्यावर आत जाऊन एक नारळ घेऊन आल्या. देवाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, एवढंच बोलल्या आणि पुन्हा चटईशी जाऊन बसल्या.

रवळनाथाचं देऊळ शेतांच्या कडेला होतं. सभामंडपाला भिंती नव्हत्या, नुसते खांब. खाली बायका भात कापत होत्या, त्यांचं बोलणं आतपर्यंत ऐकू येत होतं. धाकू गुरव समई चिंचेने घासत बसला होता. श्रीनाथ त्याच्यासमोर उभा राहिला. प्रवीणने दसऱ्याआधी कौल लावला होता ना, असं त्याने विचारलं. धाकूने मान हलवली.

“पुणें आनी बेंगळूर दोनूय विचारलीं, काय फक्त पुणें?”

धाकूचा हात थांबला. “पुण्याचा खंय काडलास? पुण्याचा नावच नाय निघाला.”

श्रीनाथला वाटलं, म्हाताऱ्याची दुसऱ्याच कुणाशी तरी गल्लत होते आहे. त्याने पुन्हा, यशवंताचा मुलगा प्रवीण, मिनीबस चालवायचा तो, असं फोडून सांगितलं. धाकूला प्रवीण काही सांगावा लागणार नव्हता. एकाचा कौल दुसऱ्याला सांगायचा नसतो, असं तो आधी म्हणाला. मग समई बाजूला ठेवून त्याने थोडा विचार केला. पण यात तुमचंच नाव होतं, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही, असं त्याने स्वतःशीच ठरवलं.

“तेना इतक्याच इचारल्यान, श्रीनाथ येतलो काय नाय.”

बायकांच्या विळ्यांचा आवाज येत होता. श्रीनाथने खांबाला हात टेकला.

“आनी उजवो पडलो?”

“पडलोच नाय,” धाकू म्हणाला. “उजवोय नाय आनी डावोय नाय.”

असं क्वचित होतं, पण होतं, असं त्याने समजावलं. पाकळ्या लावल्या त्या तशाच राहिल्या. घंटा वाजवून झाली, दुसऱ्यांदा प्रश्न सांगून झाला. मागून आलेल्या माणसांना त्यांचे त्यांचे कौल मिळाले आणि ती घरी गेली. प्रवीण या इथेच खांबाला टेकून बसला होता. ऊन डोक्यावर आलं, पाकळ्या सुकून देवाच्या अंगाला पक्क्या बसल्या, तरी हा बसूनच. शेवटी आपणच उठला.

“काय म्हणालो?” श्रीनाथने विचारलं.

“म्हणालो, रवांदे मामा. देवाक तरी किती थांबवन ठेवचो.”

श्रीनाथ खाली बसला. पुण्याला उजवा पडला असं प्रवीणने सांगितलं, तेव्हा त्याने वर पाहिलं नव्हतं. का, ते श्रीनाथला आत्ता उमगलं. देवाने काही सांगितलं नव्हतं आणि श्रीनाथने तर नव्हतंच. कुणाचाही होकार हातात नसताना तो बसमध्ये बसला, तिथे गेला आणि मालकीणबाईंना दोघे राहणार म्हणून सांगून बसला. इतका वेळ श्रीनाथ स्वतःला धडपड करणारा समजत होता आणि प्रवीणला एका जागी रुतलेला. त्याला स्वतःची शरम वाटली. रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून तो नारळाची शेंडी उगाच बोटांनी सारखी करत राहिला.

“तुमका लावूचो आसा काय कौल?” धाकूने विचारलं.

श्रीनाथने गाभाऱ्याकडे पाहिलं. आपण जाणार की नाही, हे दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं, मग तो देव का असेना, हे आता त्याच्याने होणार नव्हतं.

“नाका.”

“मगे नारळ?”

“ठेवा.”

“काय म्हणान ठेवू? खंय जातास?”

“पुण्याक,” श्रीनाथ म्हणाला. “प्रवीणाकडे.”

धाकू नारळ घेऊन देवापुढे गेला. पाणी शिंपडून त्याने तो नीट उभा केला आणि हात जोडले. मग काहीतरी राहिल्यासारखा मागे वळला.

“तो तुमचो कोण लागता? गाऱ्हाण्यात सांगूचा लागता. झील बापाशीकडे जाता, भाव भावाकडे जाता. देवाक समजाक होया.”

बेंगळुरूच्या बागेत श्रीनाथने याचं उत्तर इंग्रजीत सहज दिलं होतं. पुण्याच्या मोर्चात एका अनोळखी मुलीला मराठीतही दिलं होतं. ते शब्द त्याला इथेही आठवत होते, पण धाकूच्या तोंडी ते कसे लागतील ते त्याला समजेना.

“तेणें काय सांगलें?” त्याने विचारलं.

“प्रवीणान? घरचो म्हणालो. घरचो माणूस. मी तसाच घातलंय.”

“मगे तसोच म्हणा,” श्रीनाथ म्हणाला.

धाकूने डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आतापर्यंत हळू बोलणाऱ्या या म्हाताऱ्याचा आवाज गाऱ्हाण्याला लागला की एकदम मोठा व्हायचा. देवाला कमी ऐकू येतं अशी त्याची समजूत असावी. “बा देवा म्हाराजा,” त्याने हाक घातली, “डिचोलेचो श्रीनाथ आज तुज्या पायाकडे नारळ ठेवता हा. प्रवीण तेच्या घरचो माणूस, तो पुण्याक रवता हा. हो तेच्याकडे रवाक जाता हा. तेंका दोगांकय बरी वाट दाखय, म्हाराजा.”

तो थांबला. गाऱ्हाण्याचं एक वाक्य झालं की जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. त्याशिवाय पुढचं वाक्य घालता येत नाही. जत्रेच्या दिवशी हे म्हणायला सगळा गाव असतो. आज मंडपात श्रीनाथ एकटाच होता. खाली शेतात विळे थांबले होते आणि एका बाईने पाठ सरळ करून देवळाकडे पाहिलं होतं.

“व्हय म्हाराजा,” श्रीनाथ पुटपुटला.

धाकू डोळे मिटून तसाच उभा राहिला. त्याला ऐकू गेलं नव्हतं, किंवा तेवढ्याने त्याचं भागत नव्हतं.

“व्हय म्हाराजा,” श्रीनाथ म्हणाला, आणि या वेळी ते शेतापर्यंत ऐकू गेलं.